तूर उपास करते

डाळीला राग येतो, हे मला पहिल्यांदा नानांनी सांगितलं.

नाना म्हणजे जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या डाळमिलचे मिस्त्री. मूळचे सावद्याचे, अंगाने केळीच्या खांबासारखे सरळ आणि स्वभावाने मिरचीच्या पोत्यासारखे. मी त्याच मिलमधला कंप्युटरवाला. भरडायच्या रोलमधून पडलेली डाळ त्यांनी ओंजळीत घेतली आणि माझ्या नाकाखाली धरली.

"हे पाह्य. परवा कशी सोन्याच्या मोहरेसारखी उतरली व्हती. आज निस्ता तुकडा. दायीले राग आला."

"कोणाचा, नाना?"

"तुहा! तू अन् तुहं ते मशीन आल्यापासून व्हऊ राह्यलं."

हे नव्वदीच्या सुरुवातीचं. मी सोनगीरचा. आमच्या गावात तांब्यापितळेची भांडी ठोकतात, त्यामुळे गावात जन्मलेलं मूल पहिला शब्दच ओरडून बोलतं. मी जळगावहून धुळ्याला फोन लावला की लोक म्हणायचे, अरे फोन कशाला, नुसती खिडकी उघडून बोल. धुळ्याच्या कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकलो होतो. ते शिकून काय होता येतं हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. वडील विचारणाऱ्याला सांगत, पोरगा मोजणीत आहे. लोक समजायचे, जमिनीच्या. मग बांधाची भांडणं घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसायचे.

शेठने कंप्युटर घेतला तो शेजारच्या मिलने घेतला म्हणून. आणि कंप्युटरला गारवा लागतो असं विकणाऱ्याने सांगितलं म्हणून त्याच्या खोलीला एसी बसवला. सगळ्या मिलमध्ये तो एकच. खुद्द शेठच्या केबिनमध्ये टेबलफॅन, तोही मान एकाच बाजूला फिरवणारा. जळगावचा मे महिना ज्याने पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको. शेठ, शेठकडे आलेले व्यापारी, व्यापाऱ्यांचे ड्रायव्हर, एक मांजर आणि तिची पिल्लं, सगळे दुपारभर माझ्या खोलीत. बाहेरून बघणाऱ्याला वाटे आत भजन बसलंय. एकदा तर एका व्यापाऱ्याने कंप्युटरला नमस्कार करून समोर रुपया ठेवला. त्या रुपयाचा मी चहा प्यायलो.

तर तुकड्याची गोष्ट.

तुरीची डाळ करणं म्हणजे नुसतं भरडणं नव्हे. तुरीला आधी रोलवर ओरखडे काढायचे, मग तेल चोळायचं, पाणी द्यायचं, ढीग घालून मुरवायची, मग वाळवायची. पूर्वी सगळं उन्हावर, पटांगणात. आमच्या शेठने नवीन ड्रायर आणला होता. खाली भट्टी, भट्टीवर नळ्या, नळ्यांतून गरम वारा, त्या वाऱ्यात तूर. वाळलेली तूर दोन दिवस कोठीत निवायची आणि मग रोलवर जायची. तिथे साल सुटून दाण्याच्या दोन फोडी झाल्या तर डाळ. फोडींचेही तुकडे झाले तर तो तुकडा. डाळीचा भाव वेगळा, तुकड्याचा वेगळा, आणि त्या दोन भावांच्या मधल्या खड्ड्यात आमची मिल त्या हिवाळ्यात पडत होती.

रोज पडली असती तरी परवडलं असतं! तेवढं तरी ठरावीक झालं असतं. पण एक दिवस अशी डाळ उतरायची की गिऱ्हाईकाने गळ्यात माळ करून घालावी, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पोत्यातल्या तुरीचा रवा. तेल तेच, पाणी तेच, रोल तोच, नाना तेच. त्यातलं शेवटचं शेठच्या थोरल्या भावाच्या डोळ्यांत आलं.

थोरले शेठ धुळ्याला राहात, तिथली अडत बघत. मिलमध्ये त्यांची अर्धी भागी आणि पूर्ण धाक. ते आले, तुकड्याचा ढीग पाहिला आणि धाकट्याला म्हणाले, "माणूस जुना झाला. गुजरातेतला एक मिस्त्री माझ्या पाहण्यात आहे. होळीनंतर त्याला आणू. नानांना हिशेब देऊन मोकळं कर."

आमचे शेठ म्हणाले, "हो भाईजी." भाईजींसमोर त्यांना दुसरं वाक्य येत नसे.

नानांना नोकरी जाण्याचं दुःख होतंच. पण त्याहून मोठी भीती वेगळी. सावद्याला त्यांचा थोरला भाऊ केळीचा बागाईतदार. तरुणपणी दोघांचं जुंपलं होतं तेव्हा नाना भर चौकात बोलून आले होते की तुझ्या बांधावर पाय ठेवला तर मिशी उतरवीन. आता मिल सुटली की तोच बांध. "तो मले केयीचे घड मोजाले बसवीन," नाना म्हणाले, "अन् येणाऱ्याजाणाऱ्याले सांगीन, पाहा, हा मिस्त्री." त्यांची मिशी हा विषय साधा नव्हता. तिच्या एका टोकावर चिमणी बसली तर दुसरं टोक हलायचं नाही, इतकी ती भरीव होती.

ते माझ्या खोलीत आले, मांजरीला खुर्चीवरून उठवून बसले.

"तुहं मशीन एवढं हुशार हाये ना? मंग सांग म्हणावं, दाय कायले फुटते. पण होळीच्या आंधी सांग. नंतर सांगून मले काय उपेग?"

आता संख्याशास्त्रात असा प्रश्न विचारणारा मिळणं म्हणजे लग्नाच्या वयात स्थळ चालून येणं. पुढे बऱ्याच वर्षांनी एका मासिकात वाचलं की मी जे केलं त्याला 'डेटा मायनिंग' म्हणतात, आणि परदेशात त्यासाठी मोठाल्या कंपन्या पगार देतात. मला शेठ चहा देत.

माझी रीत डाळमिलीतलीच होती. मिलमध्ये माल एका चाळणीतून दुसऱ्या चाळणीत जातो, प्रत्येक चाळणी एकच प्रश्न विचारते: तू मोठा की छोटा? मी कंप्युटरला तेच करायला लावलं. झालेले सगळे घाणे, म्हणजे एकेका खेपेच्या मालाचे हिशेब, आत घातले. कोणत्या गावची तूर, तेल किती, पाणी किती, मुरली किती, ड्रायरच्या काट्यावर उष्णता किती, आभाळ कसं, तुकडा किती. आणि त्याला म्हटलं, यातला असा एक प्रश्न शोध की ज्याने चांगले घाणे एकीकडे पडतील आणि वाईट दुसरीकडे. मग त्या ढिगांना पुन्हा चाळ. कंप्युटर असा होता की प्रोग्रॅम लावून मी जेवायला जायचो, जेवून वामकुक्षी करायचो, दाढी करायचो, आणि परत यायचो तर तो अजून पहिल्याच चाळणीवर घुरघुरत असायचा.

उत्तर आलं: काही नाही. शिरपूरकडची तूर फुटते आणि फुटत नाही. तेल जास्त पडलं तर फुटते आणि फुटत नाही. ड्रायरचा काटा तर इतका शहाणा, सकाळ-दुपार जिथे असायला हवा तिथेच. मिलभर हसू पिकलं. भट्टीवर पारोळ्याकडचा एक आप्पा होता. येता-जाता तो खिडकीतून डोकं घालायचा. "काय भाऊ, तुना कंप्युटर काही बोलना का? का त्यानंबी तोंड उनं शे?"

तोंड माझंच यायची वेळ आली होती. चिडून मी दोन गोष्टी केल्या. एक, घाणा रोलवर गेला तो दिवस सोडून तो ड्रायरमध्ये होता तो दिवस धरला, म्हणजे सगळा हिशेब दोन दिवस मागे सरकवला. दुसरी, हातात येईल ते आत कोंबलं. कापसाचा भाव. वीज केव्हा गेली. नानांनी तंबाखू कोणती खाल्ली. आणि शेवटी भिंतीवरच्या कॅलेंडरवरून वार, तिथी, सण, सगळं.

यावेळी प्रिंटरने सुरुवात केली तेव्हा आवाजाने मांजर पिल्लं घेऊन गेली ती थेट नशिराबादला दिसली म्हणतात. कागद बाहेर आला. मी वाचला. पुन्हा वाचला. मग नानांना बोलावलं.

"नाना, सापडलं."

"बोल."

"ज्या दिवशी एकादशी असते, त्या दिवशी वाळवलेली तूर फुटत नाही. चतुर्थीची फुटत नाही. सोमवारची फुटत नाही. बाकीच्या दिवसांतली कुठली तरी फुटते."

नानांनी कागद उलटा करून मागची बाजूही बघितली. "म्हंजे तूर उपास करते?"

"कंप्युटर तसं म्हणतोय."

बातमी दुपारपर्यंत मिलभर, संध्याकाळपर्यंत वसाहतभर. हमाल तुरीच्या पोत्यांना विचारू लागले, बाई, साबुदाणा चालेल का? आप्पा म्हणाला, "बठ्ठं गाव सोडीसन तूर पंढरीले जास आते." शेजारच्या मिलचा मॅनेजर मुद्दाम कंप्युटरचं दर्शन घ्यायला आला. नवल म्हणजे एकटे शेठ हसले नाहीत. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा नाकावर आणला आणि विचारलं, "हे भाईजींना दाखवायची काही गरज नाही ना?"

मला तेव्हा वाटलं, शेठला माझी कीव आली.

पण संख्याशास्त्र शिकवणारे आमचे सर सांगत, आकडा वेड्यासारखा बोलला तर त्याला हाकलू नका, त्याला बसवून घ्या. तूर उपास करत नाही हे मलाही कळत होतं. मग उपास करतं कोण? नाना तर एकादशीला बोकड मिळाला तरी सोडणार नाहीत. आप्पाचा देवाशी संबंध शिव्या देताना नाव घेण्यापुरता. मी ठरवलं की अंदाज बांधायचा आणि जाऊन बघायचं. पुढचा बुधवार उपासाचा नव्हता. आधीचे दोन दिवस सोमवार आणि त्याला लागून चतुर्थी असे आले होते, म्हणजे माझ्या हिशेबाने डाळीचा राग साठलेला. बुधवारी तूर बिघडणारच, असं मी मनाशी म्हटलं आणि दिवस कलता कलता घरी जातो सांगून मिलला वळसा घालून भट्टीच्या मागच्या अंगाला आलो.

वासाने मला आधी पकडलं. त्या वासाला खानदेशात जन्मलेला माणूस समाधीतून उठून येईल.

भट्टीचं दार सताड उघडं. आत एरवी तुरीच्या भुशाची मंद, निमूट आग असायची. आज कपाशीच्या काड्यांचा भारा घातलेला आणि जाळ असा उठलेला की वरच्या नळ्या लाल व्हायच्या बाकी. त्या जाळावर बामणोदची वांगी. हिरवट, लांबोडकी, एकेक वांगं असं की उशाला घेऊन झोपावं. आप्पा लोखंडी सळीने ती उलटवत होता. नाना काठवटीत मिरची-लसूण ठेचत होते. आणि उलट्या डब्यावर, धोतर गुडघ्यापर्यंत सावरून, मांडीवर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी घेऊन आमचे शेठ बसले होते.

शेठच्या घरात कांदा, लसूण आणि वांगं उंबरा ओलांडत नसे. पिढ्यान्‌पिढ्या. राजस्थानातून निघताना त्यांच्या खापरपणजोबांनी देवापुढे तसं कबूल केलं होतं म्हणे. पण खापरपणजोबांनी बामणोदचं वांगं पाहिलं नव्हतं.

"ये," शेठ म्हणाले. पळून जायला जागा नव्हती, त्यांना आणि मलाही. "बस. खाणार ना?"

मी बसलो. पहिला घास होईपर्यंत कोणी बोललं नाही, कारण पहिल्या घासाला बोलणारा माणूस खानदेशी नव्हे. मग मी म्हणालो, "शेठ, तूर उपास करत नाही. तुम्ही करता."

"म्हणजे?"

"एकादशीला तुमचा उपास, म्हणून भरीत नाही. चतुर्थी, सोमवार, तेच. बाकीच्या दिवसांत तुम्हाला आठवण झाली की भट्टीत काड्या पडतात. जाळ भडकतो, वर तुरीला एकदम चटका बसतो. साल कोरडं, आतला दाणा ओला. मग वांगी उलटवायला दार उघडं राहतं, गार वारा शिरतो. दाणा आतून तडकतो. दिसत काहीच नाही. दोन दिवसांनी रोलवर गेला की चुरा."

"अन् काटा?" नानांनी विचारलं.

"काटा तुम्ही सकाळी बघता, दुपारी बघता. भरिताच्या वेळी तुम्ही मिरची ठेचत असता."

नाना ठेचायचे थांबले. मान खाली घालून म्हणाले, "काड्यांबिगर भरीत व्हत नाही."

"भुशावर भाजता आलं असतं," मी म्हणालो.

तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवळात चप्पल घालून गेलो. भुशावर! आप्पा तर म्हणाला, "भाऊ, तुम्ही सोनगीरना ना? मंग अशी भाषा?"

कारण सापडलं होतं, पण नाना वाचले नव्हते. होळी तोंडावर आली होती, गुजरातेतला मिस्त्री येऊन धुळ्याला उतरलाही होता. त्याला परत पाठवायचं तर भाईजींना कारण सांगायला हवं, आणि कारण सांगायचं तर वांगं सांगायला हवं. शेठ मला म्हणाले, "तू काहीतरी शास्त्रीय लिही ना." मी लिहिलं. 'इंधनातील अनियमित बदल व भट्टीच्या दाराची अवेळी उघडझाप.' शेठने ते तीन वेळा वाचलं आणि म्हणाले, वा, यात वांग्याचा वाससुद्धा येत नाही.

भाईजी आले ते नवीन मिस्त्री सोबत घेऊनच. मिस्त्री बिचारा गरीब, हातात पत्र्याची पेटी. भाईजींनी माझा कागद उभ्याउभ्या वाचला, सरळ भट्टीकडे गेले, दार उघडलं आणि राखेतून एक अर्धवट जळलेली काडी काढली.

"ही कपाशीची काडी. भुशाच्या भट्टीत कपाशीची काडी कोण टाकतं?"

आप्पा आभाळाकडे बघू लागला. नानांनी मिशीला हात लावला. नंतर ते मला म्हणाले की तेव्हा त्यांना थोरल्या भावाचा बांध साफ दिसत होता, त्यावरच्या गवतासकट. पण शेठचं मीठ म्हणा, शेठचं भरीत म्हणा, ते खाऊन त्याचं नाव सांगणं त्यांना जमणारं नव्हतं.

"विचारतोय मी. मिस्त्री, तुम्ही टाकता?"

"असंन," नाना म्हणाले. "माहीच भट्टी हाये."

"झालं तर मग," भाईजी शेठकडे वळले. "आजच हिशेब दे यांना."

शेठने घसा साफ केला. मी त्यांना कधी घामात पाहिलं नव्हतं, म्हणजे एसीमुळे. आता मात्र कपाळावरून ओघळ उतरत होते.

"भाईजी," ते म्हणाले, "काडी मी टाकायला लावतो. भरितासाठी."

भाईजींचा चेहरा आधी पांढरा, मग लाल, मग असा काही झाला की तो रंग मी पुढे फक्त बिघडलेल्या मॉनिटरवर पाहिला. खापरपणजोबा तिथे येऊन उभे राहिले असते तरी इतकी शांतता झाली नसती.

"वांगी?" भाईजींनी हळू आवाजात विचारलं.

"हो."

"आपल्या घरातला माणूस?"

"हो, भाईजी."

"कुठली?"

"बामणोदची."

भाईजींनी मागे वळून गेटकडे पाहिलं. त्यांचा ड्रायव्हर लांब होता. मग ते उलट्या डब्यावर बसले, अगदी सरावाने, धोतर गुडघ्यापर्यंत सावरून, आणि आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "धुळ्याच्या अडतीमागे आम्ही वेगळी चूल मांडलीय. दाणे घालता का तुम्ही? की नुसतं?"

पुढचा सगळा बेत भाईजींनीच आखला. मिलच्या मागच्या भिंतीला लागून विटांची वेगळी चूल, तिच्यावर पत्रा, आणि भट्टीत भुशाशिवाय काही पडलं तर आप्पाची खैर नाही. काटा संध्याकाळीही बघायचा. चूल बांधायला नानांना गवंडी लागला नाही. दुपारपर्यंत त्यांनी ती स्वतः उभी केली, आणि आयुष्यात इतकी सरळ भिंत त्यांनी रोलच्या पायासाठीही रचली नसेल. गुजरातेतल्या मिस्त्रीने विटा उचलून दिल्या. त्याला भाषा कळत नव्हती, पण काय शिजणार हे वासावरून कळत होतं.

त्या दिवशी वाळलेली तूर दोन दिवसांनी रोलवर गेली आणि डाळ अशी उतरली की भाईजींनी ती धोतराच्या सोग्यात बांधून धुळ्याला नेली, घरच्यांना दाखवायला. कशामुळे सुधारली हे विचारल्यावर त्यांनी सांगितलं, कंप्युटरमुळे. त्यामुळे धुळ्यातही एक कंप्युटर घेतला गेला, आणि त्याला एसी बसला, आणि त्याच्यासमोरही कोणीतरी रुपया ठेवला असं कळलं.

गुजरातेतल्या मिस्त्रीला परत पाठवायचं ठरलं. नाना म्हणाले, "मी सोडतो त्याले." त्यांनी त्याला स्वतःच्या मोपेडवर मागे बसवलं, पुढे त्याची पेटी, आणि हँडलला दोन्हीकडे पिशव्या बांधल्या. एकीत डाळ, दुसरीत वांगी. स्टँडवर सुरतेची गाडी उभी होती. मिस्त्री खिडकीत बसल्यावर नानांनी पिशव्या आत दिल्या आणि सोनगीरकराला शोभेल अशा आवाजात त्याला बजावलं, "काड्यांवर भाज! भुशावर नको! समजलं का?"

त्याला काय समजलं देव जाणे. पण तो हात जोडून हसला, गाडी सुटली, आणि नाना मोपेडला किक मारून मिलकडे वळले, कारण संध्याकाळच्या काट्याची वेळ होत आली होती.